क्षणभराची सुई आणि पुढचे चौदा दिवस

सुईला घाबरणाऱ्या माणसाला डॉक्टरांनी ग्लुकोज सेन्सर, म्हणजे साखर सतत मोजण्यासाठी दोन आठवडे दंडावर चिकटवून ठेवायची चकती, सुचवला की घरच्यांचं एक वाक्य ठरलेलं असतं: "काही होत नाही गं, मुंगी चावल्यासारखं वाटतं." वाक्य खरं आहे, पण त्याचा उपयोग होत नाही. सुईची भीती बऱ्याचदा दुखण्याची नसतेच. काहीतरी टोकदार आपल्या अंगात शिरणार, ही कल्पनाच सहन होत नाही. काहींना सुई नुसती दिसली तरी पोटात गोळा येतो. आणि अनेकांना आपण चारचौघांत भोवळ येऊन पडू याचीच धास्ती जास्त असते. अशा माणसाला नुसता धीर देत बसण्यापेक्षा नेमकं काय होणार ते सांगितलं, तर तो स्वतःच तयारीला लागतो. शिवाय सगळी भीती त्या एका क्षणाभोवती गोळा होते आणि पुढच्या दोन आठवड्यांची तयारी राहूनच जाते. सेन्सर वाया जातात ते बहुधा त्या दोन आठवड्यांत.

आधी वस्तू समजून घेऊ. सीजीएम म्हणजे सतत ग्लुकोज मोजणारं यंत्र. फ्रीस्टाइल लिब्रे या प्रकारात दंडाच्या मागच्या बाजूला चिकटतो तो सेन्सर सुमारे ३५ मिलिमीटर व्यासाचा आणि ५ मिलिमीटर जाडीचा, गोल. त्याच्या पोटातून एक लवचिक तंतू कातडीखाली जातो. त्याची लांबी साधारण साडेपाच मिलिमीटर, जाडी ०.४ मिलिमीटरच्या आसपास. तंतूवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर असतं. ग्लुकोजशी त्याची रासायनिक क्रिया झाली की अगदी बारीक विद्युतप्रवाह तयार होतो आणि त्यावरून यंत्र आकडा काढतं. कातडीखाली राहतो तो एवढा तंतूच. सुई फक्त त्याला आत पोचवते आणि त्याच क्षणी स्प्रिंगने परत ॲप्लिकेटरमध्ये, म्हणजे सेन्सर लावायच्या साधनात, ओढली जाते. चौदा दिवस दंडात सुई घेऊन फिरायचं, असा अनेकांचा समज असतो. तो पहिल्यांदा दूर करावा, कारण तेवढ्यानेच निम्मी धास्ती ओसरते. (नव्या आवृत्त्या १५ दिवस चालतात, काही कंपन्यांचे सेन्सर १० दिवस. पुढचं वर्णन मुख्यतः लिब्रेच्या धर्तीचं आहे.)

सडपातळ माणसं विचारतात, माझ्या दंडावर मांसच नाही, सुई हाडाला लागेल का? कातडीची जाडी साधारण दोन-अडीच मिलिमीटर असते, म्हणजे तंतू त्याखालच्या चरबीच्या थरात थांबतो. आणि आपल्याकडे सडपातळ दिसणाऱ्यांच्याही कातडीखाली चरबी असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी भरली, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. "मी बारीक आहे, मला कशी शुगर झाली?" या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवातही तिथूनच होते.

आता भीती. इथे एक फरक ओळखणं फार महत्त्वाचं आहे. काहींचं सुई बघून छातीत धडधडतं, हात थरथरतात, घाम येतो, पण ते बेशुद्ध पडत नाहीत. दुसऱ्या गटात रक्तदाब आणि नाडी आधी चढते आणि मग एकदम घसरते. डोळ्यांपुढे अंधारी, कानात गुंई आवाज, आणि माणूस खाली. पहिल्या गटाला सावकाश श्वासाचा उपयोग होतो: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. दुसऱ्या गटाला मात्र "अंग सैल सोड, शांत हो" हा सल्ला उलटा पडू शकतो, कारण तिथे अडचण घसरणाऱ्या रक्तदाबाची आहे आणि अंग सैल सोडल्याने तो वर येत नाही.

या दुसऱ्या गटासाठी स्वीडनमधले मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ऑस्ट यांनी १९८०च्या दशकात स्नायू ताणण्याची पद्धत बसवली. ती इतकी साधी आहे की आपल्याकडे अजून फारशी सांगितली का जात नाही, याची मला खंत वाटते. खुर्चीत बसा. मांड्या, पोट आणि ज्या हाताला सेन्सर लावायचा नाही त्या हाताची मूठ घट्ट आवळा. दहा ते पंधरा सेकंद, म्हणजे चेहऱ्यावर ऊब जाणवेपर्यंत. मग वीस-तीस सेकंद सोडा. अगदी ढिलं पडायचं नाही, फक्त नेहमीसारखं बसायचं. असं पाच वेळा. आठवडाभर आधीपासून रोज सराव करा, म्हणजे ऐनवेळी शरीराला ते आपोआप जमतं. सेन्सरचा दंड मात्र ताणायचा नाही, कारण ताणलेल्या स्नायूवर टोचलं तर जास्त दुखतं. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि पूर्वी एकदा जरी सुईने चक्कर आली असेल, तरी सेन्सर आडवं पडूनच लावून घ्या. कुशीवर झोपायचं, दंड वरच्या बाजूला. लावून झाल्यावर दहा मिनिटं तसंच पडून राहायचं. यात कमीपणा काहीच नाही.

दुखण्याचीच भीती असेल, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत, तर लिग्नोकेन-प्रिलोकेनचं बधिर करणारं मलम डॉक्टरांना विचारून वापरता येतं. त्याचा जाड थर लावून वरून चिकट पारदर्शक पट्टी लावायची आणि किमान एक तास थांबायचं. घाईत दहा मिनिटांत पुसलं तर काहीच बधिर होत नाही आणि मुलाचा विश्वास मात्र उडतो. दुसरी चूक मलम नीट न पुसण्याची. त्याचा तेलकट अंश राहिला की सेन्सर चिकटत नाही. आधी कोरड्या कापसाने, मग साबण-पाण्याने, मग स्पिरिटच्या पट्टीने, एवढं सगळं करावं लागतं.

प्रत्यक्ष लावताना सुईला घाबरणाऱ्याने जोडणी स्वतः करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. खोक्यात दोन भाग असतात: सेन्सरची डबी आणि ॲप्लिकेटर. दोन्हींवरचा कोड सारखा आहे का ते पाहायचं, वेगवेगळ्या खोक्यांतले भाग एकमेकांना जोडायचे नाहीत. डबीचं झाकण सोलायचं, ॲप्लिकेटरची टोपी फिरवून काढायची, दोन्हींवरच्या गडद खुणा समोरासमोर आणायच्या आणि टेबलावर ठेवून ॲप्लिकेटर खाली दाबायचा. उचलला की सेन्सर त्याच्या तोंडात बसलेला असतो आणि आत वाकून पाहिलं तर सुई दिसते. नेमकं हेच दृश्य टाळायचं आहे. म्हणून हे काम नवऱ्याने, मुलीने, दवाखान्यातल्या ताईंनी कुणीही घाबरणाऱ्याकडे पाठ फिरवून करावं. टोपी पुन्हा बसवायला जायचं नाही, सेन्सर बिघडतो.

जागा दंडाच्या मागची, खांदा आणि कोपर यांच्या साधारण मध्यावरची. हात वाकवला-सरळ केला तरी जिथलं मांस फारसं हलत नाही ती. तीळ, व्रण, इन्सुलिन टोचून झालेल्या गाठी टाळायच्या. इन्सुलिन घेत असाल तर त्या जागेपासून किमान अडीच सेंटिमीटर दूर. साध्या साबणाने धुवायचं, मग स्पिरिटची पट्टी, मग पूर्ण वाळू द्यायचं. ओल्या स्पिरिटवर टोचलं तर चुणचुणतं आणि लोक त्याचा दोष सुईला देतात. केस दाट असतील तर तेवढी जागा दाढीच्या रेझरने साफ करून घ्यायची.

मग ॲप्लिकेटर कातडीवर सरळ टेकवायचा, तिरका नाही, आणि एका दमात घट्ट दाबायचा. 'खट्ट' असा मोठा आवाज होतो. दचकायला होतं ते बहुतेकदा या आवाजाने, आणि दचकून हात मागे घेतला की सेन्सर अर्धवट चिकटतो. म्हणून आवाज होणार हे आधी सांगून ठेवायचं. हवं तर कानात गाणी लावून द्यायची. एक-दोन-तीन मोजणार असाल तर तीनलाच दाबायचं, दोनला नाही. फसवून टोचलेल्या माणसाची भीती पुढच्या वेळी दुप्पट होते. आवाजानंतर दोन-तीन सेकंद थांबून ॲप्लिकेटर हळूच सरळ मागे घ्यायचा आणि सेन्सरच्या चिकट कडेवरून बोट दाबून फिरवायचं.

मधल्या छोट्या भोकातून कधी रक्ताचा थेंब दिसतो. घाबरून सेन्सर उपटू नका. कापसाने हलकेच टिपायचं, मिनिटभर दाबून ठेवायचं, मग बहुधा थांबतं. रक्त वाहतच राहिलं किंवा दुखणं वाढत गेलं, तर काढून टाकणंच योग्य. खोकं मात्र फेकू नका. त्यावरचा सिरियल नंबर कंपनीकडे तक्रार करताना लागतो.

सुरू केल्यावर मॉडेलनुसार अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत आकडा येत नाही, लिब्रेला एक तास लागतो. पहिले चोवीस तास आकड्यांवर फार भरवसा ठेवायचा नाही. तंतू शिरल्यामुळे तिथल्या पेशींना थोडी इजा झालेली असते आणि ती निवेपर्यंत आकडे खालीवर होतात. नव्या माणसाचा विश्वास नेमका याच दिवशी उडतो.

सुईला घाबरणाऱ्याला एक गोष्ट लपवून ठेवू नये: बोट टोचणं कमी होईल, अगदी बंद होणार नाही. सेन्सर रक्तातली नव्हे, पेशींमधल्या द्रवातली साखर मोजतो आणि ती रक्ताच्या पाच ते पंधरा मिनिटं मागे असते. समजा साखर मिनिटाला २ मिलिग्रॅमने उतरते आहे आणि सेन्सर दहा मिनिटं मागे आहे. म्हणजे तो ८५ दाखवतो तेव्हा रक्तात ६५ असू शकते. म्हणून आकड्याइतकाच शेजारचा बाण वाचायचा. सरळ खाली बाण म्हणजे मिनिटाला दोनपेक्षा जास्त वेगाने घसरण, तिरका म्हणजे एक ते दोन, आडवा म्हणजे स्थिर. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होतंय आणि सेन्सर मात्र ११० म्हणतोय, तर शरीरावर विश्वास ठेवून बोट टोचायचं. टोचताना बोटाच्या मध्यावर नको, कडेला, कारण तिथे कमी दुखतं. लॅन्सेट, म्हणजे बोट टोचायची बारीक सुई, दर वेळी नवी, टोचण्याची खोली कमीवर. हात धुतलेले हवेत. आंबा चिरून तसंच बोट टोचलं तर आकडा भलताच मोठा येतो. ती साखर बोटावरच्या रसाची असते.

साखर ७० च्या खाली गेली की नियम १५ ग्रॅमचा: तीन लहान चमचे साखर पाण्यात, नाहीतर तेवढीच ग्लुकोज पावडर, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. ही तपासणी बोटावर करा. रक्तातली साखर वर आली तरी सेन्सर काही वेळ खालचाच आकडा दाखवत राहतो. ते बघून लोक आणखी साखर, मग बिस्किटं, मग केळं खातात आणि तासाभरात अडीचशेवर पोचतात.

रात्रीचा खोटा अलार्मही समजून घ्यायला हवा. सेन्सरच्या कुशीवर झोपलं की दाबामुळे तिथला द्रव सरकतो आणि आकडा धाडकन ५५ वर येतो. कूस बदलली की पुन्हा वर. पण दर वेळी "दाबानेच झालं असेल" म्हणून झोपून जायचं नाही, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी. उठून बसा, बोट तपासा. अलार्म येतच नसेल तर फोनची सेटिंग बघा. बॅटरी वाचवण्यासाठी बरेच फोन मागे चालणारी ॲप आपोआप बंद करतात. आणि ज्या सेन्सरना फोन टेकवूनच आकडा घ्यावा लागतो, त्यांच्यात फक्त शेवटच्या आठ तासांची नोंद साठते. रात्री दहाला टेकवून सकाळी आठला टेकवला तर मधले दोन तास आलेखातून कायमचे गेले.

पुण्यात सेन्सर निखळण्याची कारणंही पुणेरी आहेत. ब्लाउजच्या बाहीची कड बरोबर सेन्सरच्या जागी येते आणि घट्ट बाही ओढताना तो उचकटतो. कपडे घालताना सेन्सरचा हात आधी घाला, काढताना शेवटी काढा. दुचाकीवरचा सनकोट, पाठीवरच्या सॅकचा पट्टा, पावसाळ्यात रेनकोटच्या आत साचणारा घाम, सगळ्यांचा परिणाम तोच. घाम फार येत असेल तर वरून भोकाची चिकटपट्टी लावता येते, फक्त सेन्सरच्या मधलं भोक झाकायचं नाही. नवे सेन्सर एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत ठेवून कामाला जाऊ नका. साठवणीची कमाल मर्यादा खोक्यावर छापलेली असते, ती बहुधा पंचवीस ते तीस अंशांच्या आत असते आणि डिकी दुपारी त्याच्या कितीतरी पुढे जाते. अंघोळीला हरकत नाही. पोहण्याला मर्यादा आहे: लिब्रे एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटं टिकतो. टिळक तलावावर तासभर पोहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आणि दिवाळीत अभ्यंगाच्या आदल्या दिवशी नवा सेन्सर लावू नये. तेल चिकटपणाचा शत्रू आहे.

व्हिटॅमिन सीच्या ५०० मिलिग्रॅमच्या चघळायच्या गोळ्या आपण सर्दीला सहज खातो. जास्त प्रमाणात त्या लिब्रेचा आकडा खोटा वाढवतात. काही दुसऱ्या सेन्सरमध्ये पॅरासिटामोलने तसं होतं. एमआरआय किंवा सीटी स्कॅनची तारीख असेल तर आपल्या मॉडेलचं माहितीपत्रक वाचून, शक्यतो स्कॅननंतरच नवा सेन्सर लावा.

पहिल्या चौदा दिवसांत जेवण बदलू नका, असा माझा आग्रह आहे. नेहमीचं खा आणि खाल्लेल्याची वेळ ॲपमध्ये नोंदवा. मग उपवासाचा दिवस बघा. एका माणसाच्या साबुदाण्याच्या खिचडीत साठ-सत्तर ग्रॅम कोरडा साबुदाणा असतो, म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम कर्बोदकं, वर बटाटा वेगळा. दाण्याचं कूट आणि तूप यांमुळे ती पचायला वेळ लागतो. त्यामुळे आलेख लगेच उसळत नाही, उशिरा चढतो आणि बराच वेळ वर राहतो. दोन तासांनी बोट टोचणाऱ्याला त्या चढाचा एकच बिंदू दिसतो. इथे सगळी चढण दिसते, संध्याकाळच्या भगरीने त्यावर चढवलेली दुसरी चढणही दिसते. "उपवास केला, तरी शुगर वाढली" या वर्षानुवर्षांच्या कोड्याचं उत्तर असं समोर मांडलेलं दिसलं की डॉक्टरांच्या दहा सूचनांनी होत नाही ते होतं. पहाटे काही न खाताही आलेख चढताना दिसेल. तो संप्रेरकांचा परिणाम, रात्रीच्या पोळीला दोष देऊ नका. सिंहगड दमात चढलात तर साखर आधी वाढलेली आणि काही तासांनी उतरलेली दिसू शकते. इन्सुलिनवर असाल तर गडावर जाताना ग्लुकोज पावडर खिशातच ठेवा.

दोन आठवड्यांनी अहवालात एक आकडा आधी शोधा: ७० ते १८० मध्ये गेलेला वेळ. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार बहुतेक प्रौढांसाठी तो ७० टक्क्यांपेक्षा जास्त हवा आणि ७० च्या खालचा वेळ ४ टक्क्यांपेक्षा कमी. वयस्कर, सतत आजारी आणि गरोदर यांची उद्दिष्टं वेगळी असतात, ती डॉक्टरच ठरवतील. पहिल्याच अहवालात ४५ टक्के दिसले तर खचू नका. आणि दर पाच मिनिटांनी फोन बघायची सवय लावून घेऊ नका. भीतीचा स्वभाव असलेल्या माणसाची सुईची धास्ती सुटते आणि आकड्याची लागते. दिवसातून आठ-दहा वेळा पाहणं पुष्कळ झालं, बाकी अलार्मवर सोडा.

काढताना मात्र तेच तेल कामाला येतं. कडेला खोबरेल लावून पाच मिनिटं थांबा, मग एका बाजूने कातडीला समांतर हळूहळू सोला. खाली किंचित लालसर ठिपका राहतो, दिवसभरात जातो. खाज, फोड, चिकटपट्टीच्या आकाराचा लाल चट्टा राहिला तर ती चिकटपणातल्या रसायनाची ॲलर्जी असू शकते. त्याच जातीचा पुढचा सेन्सर लावण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

वापरलेल्या ॲप्लिकेटरमध्ये सुई असते, हे विसरू नका. तो ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकला तर दारात कचरा घ्यायला येणाऱ्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताईंच्या हाताला ती लागू शकते. २०१६ च्या घनकचरा नियमांत वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या. जाड प्लास्टिकची रुंद तोंडाची बरणी ठेवा, त्यावर 'सुया' असं ठळक लिहा, लॅन्सेटही त्यातच टाका, आणि भरली की तुमच्या दवाखान्यात त्यांच्या जैववैद्यकीय कचऱ्यात घेतील का ते विचारून तिथे द्या. पुढचा सेन्सर दुसऱ्या दंडावर, आणि शक्यतो संध्याकाळी लावा. म्हणजे पहिले अस्थिर तास बरेचसे घरी, रात्रीतच निघून जातात. त्या रात्री झोपण्याआधी आणि सकाळी उठल्यावर एकेकदा बोट तपासून घ्या.